स्टेला जिना उतरते तेव्हा काय वाजतं?

तिसरी_घंटा

गेले तीन दिवस मी एकच जिना बघतोय. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९५१) मधला. मार्लन ब्रँडो खाली अंगणात, भिजलेला फाटका टी-शर्ट अंगावर, 'स्टेलाऽऽ' म्हणून बोंबलतोय. थोड्या वेळापूर्वी त्याने बायकोवर हात टाकलेला आहे. वर दार उघडतं आणि किम हंटर त्या वळणाच्या जिन्यावरून सावकाश खाली येते. बोलत कुणीच नाही. जे काही सांगायचंय ते तिच्या चालण्यात आणि पार्श्वसंगीतात.

गंमत अशी की हा प्रसंग दोन वेगवेगळ्या संगीतांसह बघता येतो. संगीतकार अ‍ॅलेक्स नॉर्थ. त्याने मुळात तिथे जॅझच्या ढंगाचं, अंगावर येणारं, आळसावलेलं काहीतरी लिहिलं होतं. तेव्हा कॅथलिक चर्चशी जोडलेली 'लीजन ऑफ डीसेन्सी' नावाची संस्था होती आणि तिने सिनेमा निषिद्ध ठरवला तर धंदा बसायचा. या मंडळींनी काही शॉट उडवायला लावले, आणि संगीतसुद्धा अश्लील आहे म्हणून बदलायला लावलं! स्वरांना कात्री. मग तिथे सभ्य व्हायोलिनं आली. कापलेला भाग १९९३ मध्ये परत जोडला गेला, म्हणून आज दोन्ही ऐकता येतात.

मी दोन्ही लागोपाठ लावून बघितलं. पायऱ्या त्याच, बाई तीच. व्हायोलिनांबरोबर उतरते तेव्हा ती नवऱ्याला माफ करायला उतरते. नॉर्थच्या मूळ संगीतात तिला माफी-बिफीशी काही देणंघेणं नाही. लीजनवाल्यांचे कान तयार होते हे मान्य करावंच लागेल. त्यांना बरोबर कळलं होतं काय चाललंय ते.

हे इतकं लक्षात का राहिलं? तर त्याआधीची वीस वर्षं हॉलिवूडचं संगीत साधारणपणे पडद्यावर दिसतंय तेच परत सांगायचं. 'किंग काँग' (१९३३) आठवा. बेटावरचा टोळीप्रमुख पायऱ्या उतरून पाहुण्यांकडे येतो आणि मॅक्स स्टायनर त्याच्या प्रत्येक पावलाला एक ठोका देतो. पाऊल, ढम्. पाऊल, ढम्. या पद्धतीला 'मिकी-माउसिंग' हे नाव कार्टूनवरूनच पडलं. स्टायनर व्हिएन्नाचा, दुसरा संगीतकार कॉर्नगोल्ड व्हिएन्नात वाढलेला. दोघांनी ऑपेराची पेटीच उघडून आणली सोबत: प्रत्येक पात्राला धून, प्रत्येक भावनेला मोठा वाद्यवृंद, आणि शांतता दिसली की ती बुजवायची. 'गॉन विथ द विंड'मध्ये अडीच तासांहून जास्त संगीत आहे. म्हणजे सिनेमात माणसं गप्प बसतील, वाद्यवृंद नाही.

म्हणजे पाहा, पायऱ्या दोन्हीकडे आहेत. १९३३ मध्ये संगीत पाय मोजतंय, १९५१ मध्ये पाय कशासाठी चाललेत ते सांगतंय.

नॉर्थने त्याच सिनेमात आणखी एक केलंय. स्टेलाच्या बहिणीच्या, ब्लांशच्या डोक्यात एक पोल्का (नाचाची धून) वाजत असतो, तिचा तरुण नवरा मेला त्या रात्रीचा. तो बाकी कुणालाच ऐकू येत नाही. आपल्याला येतो. तो वाढत जातो, मग गोळीचा आवाज होतो, आणि थांबतो. घराशेजारच्या बारमधला जॅझ वेगळा, हा वेगळा, आणि कधी बारमधलं संपून पार्श्वसंगीत सुरू झालं ते कळतही नाही. संगीत माणसाच्या कवटीत जाऊन बसलं.

पण (आणि माझा खरा मुद्दा हा आहे) पुढच्याच वर्षी 'हाय नून' आला. दिमित्री टिओम्किनने सुरुवातीलाच टेक्स रिटरच्या आवाजात गाणं टाकलं आणि त्याचीच धून सिनेमाभर फिरवली. सिनेमा येण्याच्या आधीच फ्रँकी लेनने गायलेली तबकडी बाजारात गाजायला लागली होती. गाणं आणि पार्श्वसंगीत, दोन्ही ऑस्कर टिओम्किनला. त्यानंतर निर्मात्यांना एकच ध्यास: आम्हालाही शीर्षकगीत द्या, विकलं जाईल असं.

माझं म्हणणं, हे दोन बदल वेगळे नाहीत. जुना वाद्यवृंद हलला म्हणून जी फट पडली, तीतून नॉर्थही आत आला आणि तबकडीचा धंदाही. आपण पहिल्याचं कौतुक करतो आणि दुसऱ्याला नावं ठेवतो, एवढंच. तुम्हाला काय वाटतं? कुठल्या सिनेमात तुम्हाला पहिल्यांदा पार्श्वसंगीत 'ऐकू' आलं?

---

निवांत

वाचनखूण साठवली. जिन्याचा प्रसंग दहा वेळा बघितला असेल, संगीत बदललंय हे गावीही नव्हतं.

---

खर्जातला

लेख आवडला, पण स्टायनरवर अन्याय केलात. ढम् ढम् सगळ्यांना दिसतं, पण 'किंग काँग'मधून संगीत काढून बघा. उरतं काय? एक केसाळ बाहुली. त्या बाहुलीची दया येते ती स्टायनरमुळे. म्हणजे 'दिसतंय तेच सांगायचं' हे अर्धसत्य आहे. बाहुलीत जीव नव्हता, तो त्याने घातला.

दुसरं, १९५१ ही सुरुवात नव्हे. 'सिटिझन केन' १९४१ चा आहे. बर्नार्ड हर्मन तिथेच लांबलचक धुना सोडून चार-चार स्वरांचे तुकडे वापरू लागला होता. आणि 'लॉरा' (१९४४)! डेव्हिड रॅक्सिनने सगळा सिनेमा एका धुनेवर तोलला. लॉरा मेली आहे असं सगळे समजतात, पोलीस अधिकारी तिच्या घरात एकटा फिरतोय, कपाट उघडतोय, अत्तराची बाटली हुंगतोय. शब्द नाहीत. धून मात्र आहे, आणि आपल्याला कळतं की हा मेलेल्या बाईच्या प्रेमात पडलाय. कवटीत बसलेलं संगीत ते हेच ना? सात वर्षं आधी.

रॅक्सिन स्वतः सांगत असे की दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरला तिथे ड्यूक एलिंग्टनचं 'सॉफिस्टिकेटेड लेडी' हवं होतं. रॅक्सिन नको म्हणाला. मग शनिवार-रविवारची मुदत मिळाली, सोमवारपर्यंत दुसरं काही आण नाहीतर तेच घेऊ. त्या मुदतीत ही धून झाली. जॉनी मर्सरने शब्द नंतर लिहिले.

---

तिसरी_घंटा

@खर्जातला, बाहुलीबद्दल पूर्ण सहमत, शब्द मागे घेतो. 'लॉरा'बद्दल मात्र थोडं भांडेन. तिथे संगीत पोलिसाच्या मनातलं सांगतं हे खरं, पण भाषा तीच जुनी रेशमी. नॉर्थने भाषाच बदलली. मोठ्या स्टुडिओच्या गंभीर नाटकाला जॅझवर उभं करणं त्याआधी कुणी केलं नव्हतं.

त्याला त्या वर्षी ऑस्कर मिळालं नाही, हेही नोंदवून ठेवतो. पंधरा नामांकनं, एकदाही नाही. शेवटी १९८६ मध्ये मानद दिलं. ते मिळालेला तो पहिला संगीतकार.

---

रात्रपाळी

कलेची चर्चा छान चाललीय, जरा हिशेबाच्या वहीत डोकावू या का?

तुम्ही 'फट पडली' म्हणता. ती पाडली कुणी? १९४८ चा पॅरामाउंट खटला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्टुडिओंना स्वतःची थिएटरं सोडावी लागली. तोपर्यंत सिनेमा बनवणारे तेच, दाखवणारे तेच, त्यामुळे कारखान्यासारखं काम चालायचं. आणि कारखान्यात जसा फिटर-टर्नर पगारी, तसे वादकही. प्रत्येक मोठ्या स्टुडिओचा कायम नोकरीतला वाद्यवृंद, अरेंजर, नकलनवीस, सगळं खातं. पगार चालूच आहे म्हटल्यावर संगीतकार साठ माणसांऐवजी पाच माणसांसाठी कशाला लिहील? रोज सकाळी साठ माणसं येऊन बसलीच आहेत!

मग टीव्ही आला, प्रेक्षक घरी बसला. १९५८ मध्ये वादकांचा मोठा संप झाला आणि तो मिटला तेव्हा कायम नोकरीचे वाद्यवृंद गेलेले होते. यापुढे ज्या कामाला जितके लागतील तितके वादक बोलवायचे. संपाचा फटका बसलेला सर्वांत प्रसिद्ध सिनेमा माहितीये? आल्फ्रेड हिचकॉकचा 'व्हर्टिगो'. हर्मनला स्वतःचं संगीत स्वतः वाजवून घेता आलं नाही. रेकॉर्डिंग लंडनला नेलं, म्युअर मॅथिसनने वाद्यवृंद चालवला, तिथल्या वादकांनीही सहानुभूती म्हणून काम थांबवलं, तेव्हा उरलेलं व्हिएन्नात उरकलं. स्टायनरच्या गावात! सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट, अर्धी लंडनमध्ये वाजलेली, अर्धी व्हिएन्नात.

आणि हेन्री मॅन्सिनी. युनिव्हर्सलच्या संगीत खात्यात पगारी होता, ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'चं संगीत त्याचंच. १९५८ मध्ये नोकरी गेली. स्टुडिओचा पास मात्र अजून चालत होता, म्हणून तिथल्याच न्हाव्याकडे केस कापायला गेला. बाहेर पडताना ब्लेक एडवर्ड्स भेटला, आणि त्याने टीव्हीवरच्या 'पीटर गन' मालिकेचं काम दिलं. छोटा जॅझ ताफा, खर्च कमी. त्याची एलपी (लांब वाजणारी तबकडी) इतकी चालली की पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं पारितोषिक तिलाच. मालिकेचं पार्श्वसंगीत लोक घरी नेऊन जेवताना ऐकत होते. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली नसती तर हे झालं नसतं.

---

चष्मिष

थोडक्यात, हॉलिवूडचा सूर एका न्हाव्याने बदलला.

---

म्हापसेकर

जॅझबद्दल एक खटकतं. १९५५ चा 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' घ्या. फ्रँक सिनात्रा हेरॉइनच्या विळख्यात सापडलेला, ड्रमर व्हायची स्वप्नं बघणारा. एल्मर बर्नस्टाइनचं संगीत जबरदस्त, शेली मॅन आणि शॉर्टी रॉजर्स वाजवताहेत, सुरुवातीच्या ड्रमनेच मान हलायला लागते. पण त्यानंतर काय झालं? जॅझ म्हणजे गर्द, खून, ओले रस्ते आणि वाईट चालीची बाई. सॅक्सोफोन वाजला की समजायचं, आता कुणीतरी बिघडणार. ढम् ढम् गेलं आणि नवं ढम् ढम् आलं!

आमच्याकडे उलटं. 'स्ट्रीटकार'च्याच वर्षी, १९५१ मध्ये, 'अलबेला' आला. संगीत आपले चितळकर अण्णा, म्हणजे सी. रामचंद्र, आणि त्यांचे सहायक गोव्याचे चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाले. 'दीवाना परवाना'मध्ये त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. तिथे ट्रम्पेट म्हणजे पाप नाही, निव्वळ मजा. माझे वडील अजून ते गाणं लागलं की खुर्चीच्या हातावर बोटं आपटतात. तीच वाद्यं, तेच वर्ष, आणि अर्थ पार वेगळा.

---

काळी_दोन

@म्हापसेकर, नेमकं बोट ठेवलंत. त्यात आणखी एक गाठ आहे. जॅझ काळ्या लोकांचा, पण पडद्यामागे लिहिणारे बहुतेक सगळे गोरे. लॉस एंजेलिसमध्ये वादकांच्या संघटनेच्या शाखाच दोन होत्या, गोऱ्यांची ४७ क्रमांकाची, काळ्यांची ७६७ क्रमांकाची. स्टुडिओतली पक्की कामं पहिल्या शाखेला. दोन्ही एक झाल्या त्या १९५३ मध्ये. म्हणजे 'स्ट्रीटकार'चं रेकॉर्डिंग झालं तेव्हा ज्यांचं हे संगीत, त्यांचं कार्यालयही वेगळं होतं.

आणि आता खर्जातला यांच्या किश्शाचा उत्तरार्ध. 'लॉरा'साठी एलिंग्टनची धून मागणारा प्रेमिंजर. 'गोल्डन आर्म'चा दिग्दर्शक कोण? प्रेमिंजरच. आणि १९५९ मध्ये 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' काढताना त्याने धून नाही, अख्खा ड्यूक एलिंग्टनच आणला! बिली स्ट्रेहॉर्न सोबत. सिनेमा खुनाच्या खटल्याचा, पण संगीत 'आता खून होणार' असं कुठेही सांगत नाही. ते आपल्या चालीने चालतं, मधेच खट्याळ होतं. एलिंग्टन स्वतः एका प्रसंगात पियानोवर जेम्स स्ट्यूअर्टच्या शेजारी बसलेला दिसतो. मला हे 'गोल्डन आर्म'पेक्षा सरस वाटतं. भांडायला तयार आहे.

---

आयसी_५५५

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची हजेरी लावून जातो. १९५६, 'फॉरबिडन प्लॅनेट'. लुई आणि बेबे बॅरन, नवरा-बायको. वाद्य एकही नाही. हे दोघं स्वतः सर्किट बांधायचे, त्यात वीज अशी सोडायचे की ते किंचाळायला, कण्हायला लागायचं, आणि टेप चालू ठेवायचे. बरीच सर्किटं जळून जायची. जळताना जो आवाज निघाला तो परत मिळणार नाही! मग टेप कापून, उलटी करून, वेग बदलून जोडकाम. ज्याने कधी सर्किट जोडायच्या ब्रेडबोर्डवर धूर काढलाय त्याला या दोघांबद्दल आदर वाटेल.

वादकांच्या संघटनेच्या भीतीने एमजीएमने श्रेयनामावलीत 'संगीत' हा शब्दच घातला नाही. 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असं लिहिलं. त्यामुळे ऑस्करच्या संगीत विभागातही जागा नाही.

अवांतर: त्याआधी विचित्र आवाज हवा असला की थेरेमिन, हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. मिक्लोश रोझाच्या 'स्पेलबाउंड' (१९४५) मध्ये ते वाजवणारे सॅम्युअल हॉफमन पेशाने पायांचे डॉक्टर होते. दिवसा कुरूप बघायचे, रात्री हवेत हात फिरवायचे.

---

चष्मिष

न्हावी झाला, कुरूपवाले डॉक्टर झाले. शिंपी कुठाय?

---

सातवी_घोडी

व्हायोलिन शिकते, म्हणून 'सायको' (१९६०) बद्दल लिहायलाच हवं. सगळे त्या किंचाळ्यांबद्दल बोलतात, मला आधीचं जास्त आवडतं.

व्हायोलिनच्या घोडीवर बसवायचा रबराचा एक लहानसा तुकडा असतो, म्यूट. तो लावला की आवाजावरची चकाकी जाते, कुणीतरी तोंडावर हात ठेवून बोलल्यासारखं होतं. हर्मनने 'सायको'त फक्त तंतुवाद्यं घेतली. ब्रास नाही, ड्रम नाही. सिनेमा कृष्णधवल म्हणून आवाजही कृष्णधवल, असं त्याचं म्हणणं. आणि जवळजवळ सगळा सिनेमा त्याने म्यूट लावून वाजवून घेतला. नायिका गाडी चालवतेय, पावसात वायपर फिरताहेत, सगळं दाबलेल्या आवाजात. न्हाणीघरातल्या खुनाला म्यूट निघतो. पाऊण तास कान त्या बंद आवाजाला सरावलेले असतात आणि एकदम उघडी तार. मी घरी वाजवून बघितलं. एकच सूर, वरच्या पट्टीत, गज तारेवर दाबून खाली ओढायचा, परत परत. तिसऱ्या ओढीला आई स्वयंपाकघरातून आली, "अगं काय सोलतेयस?"

हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं. हर्मनने तरी लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं.

गंमत बघा, धागाकर्त्यांच्या व्याख्येने हे मिकी-माउसिंगच की! सुरी खाली, गज खाली. पण ते सुरीचं संगीत आहे, की पक्ष्याचं, की त्या मुलीचं, कळत नाही. म्हणूनच भीती.

---

तिसरी_घंटा

@सातवी_घोडी, दंडवत. म्यूटचं डोक्यात कधी आलंच नव्हतं. व्याख्या फेरविचारार्थ परत घेतोय.

---

सोलापुरी_चादर

मला हे 'शीर्षकगीताने वाटोळं केलं' समजत नाही. आपण गाण्यासाठीच तिकीट काढणारी माणसं. सिनेमाच्या आधी गाणं गाजलं तर आपल्याकडे पेढे वाटतात, अमेरिकेत सुतक? 'मून रिव्हर' (१९६१) घ्या. मॅन्सिनीने ऑड्री हेपबर्नचा आवाज किती चढतो ते बघून, सप्तकाच्या आसपासच खेळेल अशी चाल बांधली. खिडकीत बसून, गिटार घेऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती गाते. नटीच्या गळ्याच्या मापाने शिवलेलं गाणं. (चष्मिष, हा घ्या शिंपी.) ते विकलंही भरपूर. म्हणून ते वाईट?

---

खर्जातला

@सोलापुरी_चादर, 'मून रिव्हर' वाईट कोण म्हणेल? अडचण गाण्याची नाही, सक्तीची आहे. १९६६, 'टॉर्न कर्टन'. युनिव्हर्सलला तरुणांना आवडेल, ठेका असेल, तबकडी निघेल असं संगीत हवं होतं, हिचकॉकनेही हर्मनला तसंच कळवलं. हर्मनने काय आणलं? सोळा हॉर्न, बारा बासऱ्या, नऊ ट्रॉम्बोन, आणि व्हायोलिन एकही नाही. रेकॉर्डिंग चालू असताना हिचकॉक आला, थोडं ऐकलं आणि बंद करायला लावलं. संगीत जॉन अ‍ॅडिसनकडून नव्याने करून घेतलं. 'व्हर्टिगो', 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट', 'सायको' एकत्र केलेली ही जोडी पुन्हा कधी एकत्र आली नाही.

म्हणजे धागाकर्त्यांचं फटीचं म्हणणं मला आता पटतंय. विचित्र वाद्यमेळ घेण्याची मुभा त्याच मोडतोडीने दिली, आणि ती काढूनही त्याच मोडतोडीने घेतली. 'सायको'ला फक्त तंतुवाद्यं चालली, कारण स्वस्तात सिनेमा करायचा होता. सहा वर्षांनी बारा बासऱ्या चालल्या नाहीत, कारण त्यांची तबकडी कोण घेणार?

---

रात्रपाळी

आणि दोन वर्षांनी अ‍ॅलेक्स नॉर्थ. '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी लिहिलं, रेकॉर्डही झालं, आणि दिग्दर्शक कुब्रिकने जुन्या रेकॉर्डच ठेवल्या. नॉर्थला ते कळलं सिनेमा बघायला बसल्यावर.

---

तिसरी_घंटा

जिन्यापासून थेट तिथपर्यंत. त्याच्याच वाट्याला हे दोनदा यावं...

---

निवांत

मग हर्मनचं पुढे काय झालं?

---

खर्जातला

@निवांत, हॉलिवूडपासून लांब गेला, लंडनला राहिला. मग तरुण पोरांनी शोधून काढला. १९७५ च्या डिसेंबरात मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'साठी लॉस एंजेलिसला आला. २३ तारखेला रेकॉर्डिंग संपवलं, हॉटेलवर गेला, आणि त्याच रात्री झोपेत गेला.

त्यातली मुख्य धून सॅक्सोफोनवर आहे. जॅझ. ओले रस्ते, रात्र, सगळं म्हापसेकर म्हणतात तसंच.

---

म्हापसेकर

सॅक्सोफोन? हर्मनचा?

---

खर्जातला

हो. हेडफोन लावून ऐका, खालचे ब्रास सोडू नका.